फुईला आणायला निघालो आणि मॅट बदलली

धुळ्याहून सावद्याला माणसं केळीच्या सौद्याला जातात, लग्नाला जातात, नाहीतर बदली झाली म्हणून जातात. मी गेले होते फुईला आणायला. फुई म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. पुण्याकडे आत्या म्हणतात, आमच्याकडे फुई. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून तिनं एसटी सोडली, आणि एसटी सुटली तसं माहेरही सुटलं. यंदा मी गाडी घेतली तेव्हा पहिला लांबचा प्रवास कुठला करायचा, हे घरात कुणी कुणाला विचारलंसुद्धा नाही.

गाडीबद्दल थोडं सांगते. लहान आहे, पांढरी आहे, गिअर हातानं टाकायचे आहेत. ऑटोमॅटिक घेता आली असती. पण माझ्या वडिलांनी, म्हणजे नानांनी, उभा जन्म दुसऱ्यांचे ट्रॅक्टर चालवले. त्यांच्या दारात बिनक्लचची गाडी नेली असती तर त्यांनी तिला खेळणं म्हटलं असतं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. एम.एस्सी. केलं, आता धुळ्यात एका ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. गाडी माझ्या पगाराची आहे, माझ्या नावावर आहे. हे मी मुद्दाम लिहिते, कारण लिहायला मला आवडतं.

गाडी आली त्या आठवड्यात नाना शिंदखेड्याजवळच्या आमच्या गावाहून धुळ्याला आले, एकटेच बाजारात गेले आणि पायाखाली टाकायच्या मॅट घेऊन आले. जाडजूड, तपकिरी, चौकटी-चौकटींची शिलाई मारलेल्या, सोफ्याच्या गादीसारख्या. दुकानदारानं त्यांना 'सेव्हन-डी' असं नाव सांगितलं होतं. त्यातले सात काय, ते नानांना ठाऊक नव्हतं आणि दुकानदारालाही असेल असं वाटत नाही. पण नानांनी आयुष्यात मला आणलेली ती पहिली महागाची वस्तू होती. मी त्या लगेच टाकल्या आणि छान दिसतात म्हणाले. दिसतही होत्या.

आता आमच्याकडची एक रीत. चांगली वस्तू आणली की तिच्यावर साधी वस्तू टाकून ती जपायची. गादीवर चादर, चादरीवर जुनी चादर. टीव्हीवर रुमाल. माझ्या गाडीच्या सीटवरचा कंपनीचा प्लास्टिकचा कागद अजून तसाच आहे, उन्हाळ्यात पाठीला चिकटतो तरी. त्यामुळे लांबचा प्रवास ठरला म्हटल्यावर आईनं खताची एक गोणी स्वच्छ धुतली, चौकोनी तुकडे कापले, कडा शिवल्या आणि ते मॅटवर अंथरायला दिले. म्हणजे खाली कंपनीचं कार्पेट, त्यावर नानांची मॅट, त्यावर आईची गोणी. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात लिहिलं आहे की मॅटवर मॅट टाकू नका. मी ते पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं आहे. पण शिवलेल्या कडा समोर धरून आई उभी असताना पुस्तकातलं काय सांगणार?

धुळे ते जळगाव

थंडीचे दिवस, सकाळची वेळ. नानांनी दार उघडलं, वहाणा काढल्या, तळवे एकमेकांवर झटकले आणि आत बसले. वहाणा कापडी पिशवीत, पिशवी मांडीवर.

"नाना, पायात घाला ना."

"घरमा कोनी वहाना घालीसन बसस का?"

घरात कोणी वहाणा घालून बसतं का, असा त्यांचा सवाल. मी मात्र सँडल घालूनच बसले. नानांनी आधी माझ्या सँडलकडे पाहिलं, मग मांडीवरच्या पिशवीकडे.

मोठ्या रस्त्याला लागल्यावर गाडी सुरेख पळाली. एकदा वरचा गिअर पडला की हायवेवर डाव्या पायाला काम नसतं. दोन्ही बाजूंना वेचून झालेली कपाशी उभी होती, काळ्या काड्यांवर राहिलेले पांढरे धागे वाऱ्यानं हलत होते. नाना शेतं बघत होते आणि कुणी वखर घातलं, कुणी घातलं नाही, याची मनातल्या मनात हजेरी घेत होते. इथपर्यंत सगळं छान होतं.

पारोळ्याला बायपासनं पुढे निघून जाता आलं असतं. पण बहिणीकडे रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून नानांना बाजारपेठेत लुगडं घ्यायचं होतं. हिरवं, काठाचं लुगडं घेतलं. निघालो. पुढे भाजीची हातगाडी आडवी आली, मी थांबले. मागे कापसानं फुगलेला ट्रक. हातगाडी हलली, मी क्लच दाबला, पहिला गिअर टाकायला गेले आणि गाडीनं असा आवाज केला की जात्यात खडा सापडावा. पुन्हा दाबला. पुन्हा तोच आवाज. तिसऱ्यांदा गिअर कसाबसा पडला, पण आईची गोणी सरकून, गुंडाळी होऊन क्लचखाली बसली होती. गाडीनं बेडकासारखी उडी मारली आणि बंद पडली.

ट्रकनं हॉर्न दिला. बाजूला मोटरसायकलवर एक जण होता, तो फार प्रेमानं म्हणाला, "ताई, काकांना बसू द्या ना पुढं."

काका पुढंच बसले होते. एका हातानं खिडकीवरचं हँडल धरून, दुसऱ्या हातानं पिशवी. चार माणसांनी गाडी बाजूला ढकलली. ढकलताना त्यातला एक दुसऱ्याला "बाई शे रे", म्हणजे बाई आहे रे, एवढंच म्हणाला, आणि त्या एवढ्यात सगळं आलं. मी वाकले, गोणीची गुंडाळी ओढून काढली आणि मागे टाकली. नाना म्हणाले, "चाल."

गोणी काढल्यावर सगळं ठीक व्हायला हवं होतं. झालं नाही. धुळ्यातही गिअर कधीमधी वाजायचे, ते मी गाडीच्या नवेपणावर ढकलत आले होते. जळगावपर्यंत जिथे जिथे थांबून निघायचं आलं, तिथे तिथे गिअर खरखरला. प्रत्येक खरखरीला नानांची मान जराशी माझ्याकडे वळायची आणि पुन्हा समोर व्हायची. ज्या माणसानं लोकांच्या ट्रॅक्टरचे गिअर आवाज न करता बदलायचा नेम उभा जन्म पाळला, त्याच्या शेजारी बसून गिअर वाजवायचे म्हणजे गवयासमोर बेसूर गाणं म्हणण्यासारखं आहे.

जळगाव

जळगावात आम्ही शबानाकडे उतरलो. शबाना माझी कॉलेजची मैत्रीण, होस्टेलला एकाच खोलीत होतो. आता ती जळगावच्या मेहरूण भागात राहते आणि शाळेत शिकवते. तिच्या आईनं भरीत केलं होतं. आमच्या धुळ्याकडेही भरीत होतं, पण खरं सांगायचं तर जळगावचं वांगं वेगळंच. पांढरट हिरवं, लांबट, बी कमी. ते कपाशीच्या काड्यांवर भाजून, लाकडी बडगीत हिरवी मिरची आणि लसूण घालून ठेचतात, वर कांद्याची पात. सोबत कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेली. नानांनी तीन वेळा भरीत घेतलं. तिसऱ्यांदा घेताना म्हणाले, "आमनाकडे तेल कमी टाकतस." तक्रार नव्हती ती, कौतुक होतं.

जेवण झाल्यावर ते अंगणात जाऊन फोनवर बोलू लागले. फोनवर बोलताना ते पलीकडच्या माणसाच्या गावापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलतात. पलीकडे माझा धाकटा भाऊ संदीप होता.

"परवा सावदाले ये. वापस येतांना तू चालाड. तिना पाय बसत नही शे. बठ्ठा गियर वाजतस."

परतीला गाडी तू चालव, तिचा पाय बसत नाही, सगळे गिअर वाजतात.

वाचणाऱ्याला वाटेल, भाऊ चालवेल, त्यात मोठं काय? मोठं आहे. संदीप वाईट मुलगा नाही, गाडीही बरी चालवतो. पण एकदा तो त्या सीटवर बसला की ती सीट त्याची. मग घरात कुठलंही काम निघालं की गाडी संदीप नेणार, आणि मी मागे पिशव्या धरून. फुईला इतक्या वर्षांनी माहेरी कोणी आणलं, तर संदीपनं. आणि बाकी काही असो, नानांच्या तोंडून 'तिचा पाय बसत नाही' हे एकदा गावात गेलं की ते माझ्या एम.एस्सी.पेक्षा जास्त दिवस टिकणार.

थोड्या वेळानं संदीपचा मेसेज आला. "ताई, क्लच पायानं दाबतात." खाली हसणारी तीन तोंडं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना शबानाच्या वडिलांबरोबर चहा घेत बसले होते तेव्हा मी गाडीशी गेले. दार उघडलं, रस्त्यावर गुडघे टेकले आणि क्लच हातानं दाबून पाहिला. दाबत गेले, दाबत गेले आणि पेडल मॅटला टेकून थांबलं. मॅटला डावीकडे एक जाड कान होता, पाय टेकवायच्या जागेवर वर चढवलेला, थेट क्लचच्या वाटेत. मी मॅट ओढून काढली. पुन्हा दाबलं. पेडल आणखी दोन बोटं खाली गेलं. मग आत बसून गाडी सुरू केली आणि पहिला गिअर टाकला. असा पडला की मला वाटलं पडलाच नाही. मेहरूणच्या तळ्याकडे एक चक्कर मारून आले. थांबून निघाले, थांबून निघाले. कुठेही आवाज नाही.

शबाना फाटकात उभी होती. तिला सगळं सांगितलं.

"मग तशीच जा की. मॅट पाहिजेच कशाला?"

"अगं, सावद्याला शेतात जाणार. काळी माती, केळीचा चीक. कार्पेटला एकदा लागलं की गाडी विकेपर्यंत निघणार नाही. आणि मॅट नसली की नाना पायच ठेवणार नाहीत, मांडी घालून बसतील."

"मग नानांना सांग, तुमची मॅट चुकीची आहे."

"तू सांग."

"मी कशाला सांगू? काल त्यांनी माझ्या अम्मीच्या भरताची तारीफ केली आहे."

शेवटी ठरलं की कुणीच काही सांगायचं नाही, नानांना सरळ दुकानात न्यायचं. जळगावात एका गल्लीत गाडीच्या सामानाची दुकानं ओळीनं आहेत. आरसे, हॉर्न, सीटकव्हर, आणि प्रत्येक दुकानाबाहेर मॅटच्या थप्प्या. आम्ही एका दुकानापुढे गाडी लावली. मालकानं नानांना खुर्ची दिली.

"बोला काका, गाडी कोणती?"

नानांनी अंगठ्यानं माझ्याकडे दाखवलं. मालकानं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे पाहिलं.

"साहेब नाही आले?"

"आले ना," शबाना म्हणाली, "ह्याच." आणि मला पुढे ढकललं.

मी जुनी मॅट त्याच्या काउंटरवर ठेवली. "ही माझ्या गाडीला बसत नाही. क्लच पूर्ण जात नाही."

त्यानं कान धरून मॅट उलटी केली. "ही ऑटोमॅटिकची आहे ताई. गाडी तीच, पण ऑटोमॅटिकची."

सकाळी गुडघ्यावर बसूनच माझ्या ते ध्यानात आलं होतं, फक्त दुसऱ्याच्या तोंडून यायला हवं होतं. नाना खुर्चीत पुढे सरकले. "म्हंजे?"

"नाना, त्या गाडीत क्लच नसतो. डाव्या पायाला काम नाही, नुसता टेकवून ठेवायचा. म्हणून मॅट तिथवर वर चढवतात."

नानांनी मॅट हातात घेतली, तो कान दोनदा वर-खाली केला. शबाना छताला लटकणारी, गाडीत टांगायची सुगंधी कागदी झाडं मोजत होती.

"म्हंजे मी लंगडी गाडीनी मॅट आनी," नाना म्हणाले.

मालक हसला, मग नाना हसले, मग आम्हाला हसायला परवानगी मिळाली. मला वाटलं, आता संदीपला फोन जाईल, येऊ नको म्हणून. गेला नाही. खुर्चीतून उठताना नाना एवढंच म्हणाले, "मॅट बी व्हई, पाय बी व्हई. देखू." मॅटचाही दोष असेल, पायाचाही असेल. निकाल लगेच फिरवणाऱ्यातले ते नव्हेत.

मग मॅट निवडायचं काम सुरू झालं, आणि त्यात आमची दुपार गेली. मालकानं आधी लाल रंगाची तसलीच जाड मॅट दाखवली, "हिला कान नाही" म्हणून. मी ती गाडीत टाकून क्लच हातानं तळापर्यंत दाबला. कान नव्हता, पण जाडीच इतकी की पेडल गादीत रुतत होतं. नको. मग शेवयांच्या गुंत्यासारखी दिसणारी आली. ती पातळ होती, पेडलला आड येत नव्हती. नानांनी तिच्यावर बोट फिरवलं.

"यामा माती गयी तं निंघी का?"

"व्हॅक्युमनं निघते काका."

"वावरमा व्हॅक्युम कोठे?"

ती गेली. मग साधी रबराची, कुठल्याही गाडीला कापून बसवता येते अशी. नानांनी ती नाकाशी धरली आणि लगेच लांब केली. रॉकेलसारखा वास होता. मे महिन्यात आमच्याकडे उन्हात उभ्या असलेल्या गाडीचं दार उघडलं की आतली हवा चुलीसारखी अंगावर येते, त्यात हा वास मिसळला तर माणूस गाडीत बसण्याआधीच आडवा होईल. शिवाय ती टाचेनं पुढे ढकलली की सरकत होती, आणि सरकणारी मॅट काय करते ते मी पारोळ्यात पाहिलं होतं.

तोवर मला एक गोष्ट सापडली होती. ड्रायव्हरच्या पायाशी गाडीच्या तळाला कंपनीनंच दोन हूक दिलेले असतात. ते नानांच्या मॅटखाली इतके दिवस गाडले गेले होते. मी मालकाला विचारलं, या हुकांत अडकणारी आहे का, याच गाडीची, क्लचवाली? तो मागे गेला आणि धूळ झटकत एक घेऊन आला. काळी, बिनशिलाईची, दिसायला अगदी साधी. डावीकडे सपाट. चारी बाजूंना बोटभर उंच काठ, परातीसारखा, म्हणजे पाणी-चिखल आतच राहील. टाच टेकते तिथे जास्त जाड. दोन भोकं, ती हुकांवर टचकन बसली.

मी आत बसले. क्लच दाबला, तळाला लागला. ब्रेक, ॲक्सिलरेटर दाबून पाहिले, कुठलंही पेडल मॅटला शिवत नव्हतं. टाचेनं जोर लावून पुढे रेटलं, हलली नाही. ज्यांना घ्यायची आहे त्यांनी एवढं करावं. दुकानात उभं राहून रंग बघू नये, गाडीत बसून पाय दाबावा.

नानांची परीक्षा मात्र राहिली होती. त्यांनी मॅट दुमडली, सोडली, घडी पडते का पाहिलं. वास घेतला. मग दुकानाबाहेरच्या कुंडीतली मूठभर माती तिच्यावर टाकली आणि बाटलीतलं पाणी ओतलं.

"काका, डेमोचा पीस आहे हो."

"मंग डेमो देखाड ना."

चिखल काठाच्या आत राहिला. नानांनी मॅट उचलून गटारीवर उलटी केली, झटकली, शबानाकडून पेपर घेऊन पुसली. साफ. त्यांनी मान हलवली आणि खुर्चीत जाऊन बसले. पुढच्या दोन बदलल्या. मागच्या नानांच्या तपकिरी मॅट तशाच ठेवल्या, मागे कुठे क्लच आहे?

सावदा

जळगावहून निघालो तेव्हा नाना रस्ता बघत नव्हते, माझा डावा पाय बघत होते. भुसावळमध्ये गर्दी लागली. रिक्षा, हातगाड्या, मधेच थांबणारी एसटी. पहिला, दुसरा, थांब, पुन्हा पहिला. एकही गिअर वाजला नाही. गाव मागे पडून तापीचा पूल लागला तेव्हा नाना खिडकीतून पाण्याकडे बघत म्हणाले, "भुसावळ गया का?"

"गेलं, नाना."

"हां."

पूल ओलांडला की देश बदलतो. आमच्या शिंदखेड्याकडे डोळ्यासमोर ज्वारी, कपाशी, बाभळी आणि आभाळ. इथे दोन्ही बाजूंना केळी, नुसत्या केळी, आणि त्यांच्या मागे निळा सातपुडा. रस्त्यावर घडांनी भरलेल्या गाड्या. फैजपुरात एका दुकानात कढईवर किसणी धरून कच्चं केळं थेट उकळत्या तेलात किसत होते. आम्ही गरम वेफर्स घेतले, बोटं पोळली, पिशवी सावद्याला पोचेपर्यंत निम्मी झाली. खाण्यात नाना पुढे.

फुई ओट्यावर बसूनच होती. मी वाकले तशी तिनं मला वरच ओढून घेतलं. नानांनी लुगडं दिलं. तिनं घडी उलगडून काठ पाहिला आणि म्हणाली, "रंग बरा आनला रे. बायको सोबत होती का?"

"पोर व्हती," नाना म्हणाले.

"तरीच." मग माझ्याकडे वळून, "तूच चालवत आनली का वं माय?"

मी हो म्हणाले. फुईनं नानांकडे पाहिलं. नाना वेफर्सच्या पिशवीत बघत होते.

आमच्याकडे पाहुणा आला की आधी पाणी. सावद्याला पाणी येतं, पण त्याच्याबरोबर केळं येतंच. नको म्हटलं तर दुसरं येतं. दुसऱ्या दिवशी सकाळी फुईच्या मुलाचं शेत बघायला गेलो. केळीच्या बागेत थंडीत गेलात तर स्वेटर घालून जा, आत जमीन ओली आणि सावली गार. वाटेवर चिखल होता. परत आलो तेव्हा नानांच्या वहाणांना दोन-दोन बोटं काळी माती चिकटली होती. मी बघत राहिले. ते दाराशी आले, एक क्षण थांबले, आणि वहाणांसकट आत बसले. मॅटवर दोन मोठे काळे ठसे उमटले. नानांनी ते नीट पाहिले, जणू शिक्का बरोबर उठला का ते तपासत होते.

संदीप दुपारी आला. शिंदखेड्याहून रेल्वेनं भुसावळ, तिथून एसटी. आल्या आल्या फुईच्या पाया पडला, जेवला, आणि मला म्हणाला, "चावी दे ताई."

मी चावी दिली. सगळ्यांसमोर नाही म्हणायचं आणि फुईच्या निघण्याच्या वेळी घरात वाद काढायचा, हे मला जमलं नाही. फुईचं सामान भरलं. तिच्या मुलानं केळीचा एक आख्खा घड आणला, ताजा कापलेला. चीक टपकत होता म्हणून खाली केळीची पानं घातली. डिकीत फुईची ट्रंक बसल्यावर घडाला जागा उरली नाही, तो मागच्या सीटवर आला. संदीप ड्रायव्हरच्या सीटवर बसला होता, सीट मागे सरकवून, आरसा आपल्या उंचीचा करून घेत होता. मी मागचं दार उघडून उभी होते.

नाना घराच्या पायरीवरून म्हणाले, "संदीप, उतर."

"काय झालं?"

"तू फुईले लेवाले उना ना?" फुईला घ्यायला आलास ना, असं.

"हो."

"मंग फुईजोडे बस. घड धर."

"नाना, तुम्हीच तर फोन केला, गाडी चालवायला ये म्हणून."

"एरंडोललगून ती चालाडी. मंग देखू."

एरंडोलपर्यंत ती चालवेल, मग बघू. संदीपनं माझ्याकडे पाहिलं, मी आरशाकडे पाहिलं. तो उतरला. मागे फुई, मध्ये घड, पलीकडे संदीप, पाय दुमडून. फुईनं बसता बसता तिच्या घराकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "चाल वं, नाहीतर मी आज बी राहीन."

परत

भुसावळ, जळगाव, सगळं पार केलं. फुई खिडकीतून दिसेल त्याचं नाव विचारत होती. हा कोणता कारखाना, ही कोणाची शाळा, हा पूल कधी झाला. इतक्या वर्षांत रस्ता रुंद झाला होता आणि तिला तो ओळखू येत नव्हता. "माहेरची वाटच बदलून टाकली मेल्यांनी," असं म्हणून ती खुशीत हसली. घडाचा चीक संदीपच्या पँटवर ठिबकला. तो म्हणाला, नवीन पँट आहे. फुई म्हणाली, आता जुनी झाली.

एरंडोलला रस्त्याकडेच्या हॉटेलवर थांबलो. फुईला चालायचं नव्हतं म्हणून ती गाडीतच बसली, दार उघडं टाकून. नाना आत जाऊन चहा सांगायला उभे राहिले. संदीप उतरला, हातपाय ताणले आणि ड्रायव्हरच्या दाराशी येऊन बॉनेटला टेकून उभा राहिला. मी अजून आत होते, हात स्टिअरिंगवर. "चल ताई, दमलीस," तो म्हणाला. चांगल्या मनानंच म्हणाला.

हॉटेलवाल्यानं पहिला कप भरला. आमच्याकडे वऱ्हाडाची जीप थांबो की भाड्याची गाडी, पहिला कप ड्रायव्हरचा असतो. बाकीच्यांना नंतर मिळाला तरी चालतो, ड्रायव्हरचा चहा थांबत नाही. हॉटेलवाला कप घेऊन बॉनेटशी उभ्या असलेल्या संदीपकडे निघाला, संदीपनं हातही पुढे केला.

नानांनी मध्येच हॉटेलवाल्याच्या हातातून कप घेतला. बशी धरून, सांडू न देता, संदीपच्या पुढून चालत माझ्या खिडकीशी आले.

"ले," ते म्हणाले. "गरम शे. पिसन चाल, धुळं आजून लांब शे."